पॉली लावू की नको? पॉलिएस्टर टेनिस स्ट्रिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घराच्या मागच्या खोलीत माझं गटिंगचं, म्हणजे टेनिस रॅकेटला स्ट्रिंग लावायचं मशीन आहे. धंदा म्हणावा इतकं काम नसतं. क्लबातले भिडू, सोसायटीतली मुलं, ॲकॅडमीत पोरांना सोडायला येणारे पालक असे ओळखीचे लोक रॅकेट आणून देतात. रॅकेट हातात देता देता जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "कुठली पॉली टाकू?" मी आधी दोन गोष्टी विचारून घेतो. तुमच्या हातून स्ट्रिंग तुटते का? आणि लावलेली पॉली वेळेवर कापून काढायची तयारी आहे का? या दोन्हींची खरी उत्तरं मिळाली की ब्रँडचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. उरलेल्या अर्ध्यासाठी खालची प्रश्नोत्तरं.

दुकानदार सगळ्यालाच "गट" म्हणतो. मग पॉली म्हणजे नेमकं काय?

स्ट्रिंग लावण्याला आपल्याकडे गटिंग म्हणतात, कारण एके काळी ती खरोखरच आतड्याची असायची. फ्रान्समधल्या लियों शहरातल्या बाबोलाट कंपनीने १८७५ मध्ये मेंढीच्या आतड्यापासून रॅकेटची स्ट्रिंग बनवली. आजही नॅचरल गट मिळते, पण ती गाईच्या आतड्याची असते आणि किंमत ऐकून बहुतेक लोक सेट परत ठेवतात.

बाकी सगळं कृत्रिम. सिंथेटिक गट म्हणजे नायलॉनचा एक जाड गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक धागे. मल्टिफिलामेंटमध्ये शेकडो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात, म्हणून ती मऊ लागते. पॉली म्हणजे पॉलिएस्टरचा एकच सलग धागा. हातात घेऊन बघा, मासे पकडायच्या जाड तंगुसासारखी लागेल. पाकिटातून काढल्यावर सरळ होत नाही, वेटोळं घालून बसते. कापलेलं टोक बोटात घुसतं. पाण्याच्या बाटलीचं आणि शर्टाच्या कापडाचं पॉलिएस्टर ज्या जातीचं, त्याच जातीचं हे. हल्लीच्या स्ट्रिंगमध्ये ती थोडी लवचीक व्हावी म्हणून इतर द्रव्यं मिसळलेली असतात. त्यांना को-पॉली म्हणतात, पण बोलताना सगळे पॉलीच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

सगळ्यांच्या रॅकेटमध्ये पॉली आली कधी?

पॉलिएस्टरची स्ट्रिंग आधीपासून होती. स्वस्त, टिकाऊ आणि खेळायला लाकडासारखी अशी तिची ओळख होती. १९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन फ्रेंच ओपनला आला तेव्हा तो जगात ६६वा होता, मानांकनही नव्हतं. त्याने थॉमस मुस्टर, येवगेनी काफेलनिकोव्ह आणि अंतिम सामन्यात सर्जी ब्रुगेरा अशा ३ माजी विजेत्यांना हरवून स्पर्धा जिंकली. त्याच्या रॅकेटमध्ये लक्झिलॉन या बेल्जियमच्या कंपनीची पॉली होती. सगळं श्रेय स्ट्रिंगला देणं कुएर्तेनवर अन्याय होईल, पण त्यानंतर बाकीचे खेळाडू त्याच्या रॅकेटकडे वाकून बघायला लागले हे खरं. २०००च्या दशकात बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या व्यावसायिकांमध्ये पॉली नसलेला माणूस शोधावा लागत होता.

पॉली खरखरीत असते आणि बॉलला पकडते, म्हणून जास्त स्पिन मिळतो ना?

हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो. गंमत अशी की स्पिन मिळतो तो पॉली गुळगुळीत असते म्हणून.

तुम्ही खालून वर रॅकेट ओढत बॉल मारता तेव्हा बॉलच्या दाबाने मधल्या उभ्या स्ट्रिंग्ज जागेवरून सरकतात. उभी आणि आडवी स्ट्रिंग एकमेकींवर सहज घसरत असतील तर सरकलेली उभी स्ट्रिंग बॉल रॅकेट सोडायच्या आतच सपकन परत येते आणि जाता जाता बॉलला आणखी एक गिरकी देते. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतं. नायलॉनमध्ये स्ट्रिंग सरकते, पण घर्षण जास्त असल्याने तिथेच अडकून बसते. पॉईंट संपल्यावर नायलॉनवाले खेळाडू बोटांनी स्ट्रिंग सरळ करताना दिसतात, ते यामुळेच.

१९७७ साली "स्पॅगेटी" रॅकेट म्हणून एक प्रकार गाजला होता. उभ्या स्ट्रिंग्जचे दोन थर, ते आडव्यांमध्ये विणलेलेच नाहीत, त्यामुळे मोकळेपणाने घसरायचे. इली नस्तासेने ती रॅकेट घेऊन गिलेर्मो विलासविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले आणि विलास चिडून सामना सोडून निघून गेला. क्ले कोर्टावरची त्याची लांबलचक विजयी मालिका तिथे तुटली. पुढे त्या रॅकेटवर बंदी आली. पॉलीमध्ये त्याच तत्त्वाचं सौम्य रूप आहे, आणि ते नियमात बसतं.

दुसरं कारण साधं आहे. पॉली ताठ असते, बॉलला फुकटची ताकद कमी देते. मग जोरात मारलं तरी बॉल बाहेर जात नाही, म्हणून खेळाडू अधिक जोरात आणि अधिक वर ओढत मारायला धजावतो. यातून एक गोष्ट निघते आणि ती मी प्रत्येकाला ऐकवतो: तुमचा स्विंगच हळू असेल तर स्ट्रिंग सरकणार नाही, परत येणार नाही आणि स्पिनही मिळणार नाही. हातात राहील फक्त ताठरपणा.

मग मला पॉलीची गरज आहे की नाही, हे कसं ठरवू?

साधं १.३० मिमी जाडीचं सिंथेटिक गट लावा आणि नेहमीसारखं खेळा. महिन्याच्या आत तुटलं, तर पॉलीचा विचार करा. तीन महिने झाले तरी शाबूत असेल, तर पॉलीवर पैसे घालवू नका. हा माझा अंदाजपंचे नियम आहे, पण आजवर त्याने कुणाचं नुकसान केलेलं नाही.

तुटत नसेल तरी पॉली लावण्यासारखं एक कारण असतं. तुम्ही पूर्ण, वेगवान स्विंग करता आणि बॉल सतत बेसलाइनच्या बाहेर जातो. अशा माणसाला पॉलीने ताबा मिळतो. "सगळे लावतात म्हणून" हे कारण मी ऐकून घेतो, पण मशीनवर रॅकेट चढवायच्या आधी एकदा वाद घालतो.

मुलगी अकरा वर्षांची आहे, स्पर्धा खेळते. कोच म्हणतात पॉली लावा.

गेल्या वर्षी असेच एक वडील आले होते. "सर, हिच्या बॉलला दम नाही. जरा कडक गटिंग करून द्या." रॅकेटच्या गळ्याशी दुकानाचा स्टिकर होता. पॉली, जाडी १.३०, टेन्शन (म्हणजे स्ट्रिंग किती ताणून लावली तो आकडा) ५८ पाउंड, पंधरा दिवसांपूर्वीची तारीख. मी अंगठ्याने मधल्या स्ट्रिंग दाबल्या तर पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यासारखं वाटलं. मुलगी बाजूला उभी राहून मनगट दुसऱ्या हाताने चोळत होती. तिला विचारलं, "दुखतं का गं?" तिने आधी बाबांकडे बघितलं, मग मान हलवली.

ती पॉली कापून मी ४८ पाउंडांवर साधं सिंथेटिक गट लावून दिलं. बाबांच्या चेहऱ्यावर "स्वस्तातलं उरकलं" असा भाव होता. पुढच्या रविवारी मुलगी गेटवरूनच ओरडली, "काका, आता बॉल आपोआप जातो!"

बॉलला दम नसेल तर कडक गटिंगने तो आणखी कमी होतो, हे अनेक पालकांना पटतच नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत, किंवा मूल स्वतःच्या ताकदीने नायलॉन वरचेवर तोडायला लागेपर्यंत, पूर्ण पॉली लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुटायला लागलं की आधी हायब्रिड (उभी एक आणि आडवी दुसरी स्ट्रिंग), मग मऊ पॉली. कोचना दुखवायचं नसेल तर त्यांनाच विचारा की टेन्शन किती ठेवू. चांगला कोच आकडा सांगताना मुलाकडे एकदा बघतो.

मी बेसलाइनवरून भरपूर टॉपस्पिन मारतो. कुठली घेऊ?

तुमच्यासाठी बाजारात सगळ्यात जास्त पर्याय आहेत. बाबोलाट आरपीएम ब्लास्ट काळी, आडव्या छेदात आठ कोनांची. सोलिंको हायपर-जी हिरवी, चौकोनी. सोलिंको टूर बाइटच्या कडा त्याहून टोकदार आणि स्ट्रिंगही जास्त ताठ. योनेक्सची पॉली टूर रेव्ह आठ कोनांची आणि पॉली टूर स्पिन पाच कोनांची.

यातली पहिल्यांदा लावून बघायला मी हायपर-जी सुचवतो. स्पिन भरपूर मिळतो आणि टूर बाइटइतकी हाताला लागत नाही. आरपीएम ब्लास्ट पहिल्या आठवड्यात छान वाटते, पण माझ्या हाताखालून गेलेल्या रॅकेट्समध्ये ती इतरांपेक्षा लवकर ढिली पडलेली दिसली आहे. नदालचं नाव तिच्याशी जोडलेलं असल्याने शाळकरी मुलं दुसरं काही ऐकतच नाहीत. टूर बाइट दणकट खांद्याच्या, रोज खेळणाऱ्या विशीतल्या मुलांना द्यावी.

रॅकेटचा स्ट्रिंग पॅटर्नही बघा. १६ उभ्या आणि १९ आडव्या असलेल्या मोकळ्या विणीत स्ट्रिंगला सरकायला जागा असते. १८ बाय २० च्या दाट विणीत कोनदार पॉली लावूनही फारसा फरक पडत नाही. अशा रॅकेटला १.२० किंवा १.२५ची बारीक, गुळगुळीत पॉली बरी.

मी बॉल सपाट मारतो, स्पिन कमी.

मग कोनांच्या मागे लागू नका. गोल पॉली घ्या. लक्झिलॉन एएलयू पॉवर वर्षानुवर्षं व्यावसायिक खेळाडूंची आवडती आहे. पॉली असूनही तिच्यात जिवंतपणा असतो, बॉल सुटल्याचा आवाज टणटणीत येतो. तिची उतरती कळा मात्र फार लवकर लागते. जास्त मऊ हवी असेल तर योनेक्स पॉली टूर प्रो बघा. आमच्या क्लबात चाळिशीच्या आसपासचे जे लोक पॉली सोडायला तयार नाहीत, त्यांना मी हीच लावून देतो.

वय ५२, आठवड्यातून तीनदा डबल्स. पॉली?

नको. मल्टिफिलामेंट लावा. व्हॉली करताना (टप्पा पडायच्या आत बॉल मारताना), सर्व्हिस परतवताना स्विंग छोटा असतो, तिथे स्ट्रिंगनेच थोडी ताकद दिलेली बरी. पंचावन्नच्या पुढच्या मंडळींमध्ये "माझ्या रॅकेटमध्ये पॉली आहे" हे सांगण्याचा एक वेगळाच आनंद असतो. मी त्याच्या आड येत नाही, फक्त ४४ पाउंडांवर लावून देतो.

जाडी किती घ्यावी? १.२०, १.२५, १.३०?

१.२५ घ्या. ती महिन्याभरात तुटत असेल तर १.३०. कधीच तुटत नसेल तर १.२०, कारण बारीक स्ट्रिंग हाताला थोडी मऊ लागते. पाकिटावर कधी कधी मिलिमीटरऐवजी १६, १७, १८ असे गेजचे आकडे असतात. तिथे आकडा जितका मोठा, तितकी स्ट्रिंग बारीक. मोजमाप कंपनीगणिक थोडं बदलतं, म्हणून मिलिमीटरच वाचावेत.

टेन्शन किती ठेवू? आधी नायलॉन ५५ पाउंडांवर होतं.

५० ठेवा. त्यानंतर खेळून बघून ४८ किंवा ५२.

नायलॉनवरून पॉलीवर येताना ४-५ पाउंड कमी करायचे, कारण पॉली मुळातच जास्त ताठ असते. जुन्या लोकांना हे जड जातं. लाकडी रॅकेटच्या आणि नायलॉनच्या काळात "कडक म्हणजे कंट्रोल" हे डोक्यात पक्कं बसलं आहे. पॉलीमध्ये कंट्रोल स्ट्रिंगच्या ताठपणातून आणि स्पिनमधून येतो, त्यासाठी टेन्शन वर न्यायची गरज नसते. मी क्लब खेळाडूंना ४४ ते ५२ पाउंडांच्या मध्ये ठेवतो. किलोत सांगायचं तर साधारण २० ते २३.५ किलो. एक किलो म्हणजे २.२ पाउंड. एकदा एकाने फोनवर "२४ ठेवा" म्हटलं आणि मी किलो समजलो. त्याच्या मनात "पन्नासच्या खाली काहीतरी" होतं, आणि २४ किलो म्हणजे जवळजवळ ५३ पाउंड. तेव्हापासून मी एकक विचारल्याशिवाय मशीन लावत नाही.

दोन रॅकेट असतील तर दोन्हींत एकच स्ट्रिंग लावून टेन्शनमध्ये ३ पाउंडांचा फरक ठेवा आणि आठवडाभर आलटून पालटून खेळा. दहा लोकांचे सल्ले ऐकण्यापेक्षा यातून जास्त कळेल. बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. स्ट्रिंग, जाडी आणि टेन्शन तिन्ही एकदम बदलून "ही पॉली भिकार आहे" म्हणणारे खूप भेटतात.

पॉली सहा महिने झाले तरी तुटली नाही. म्हणजे चांगलीच म्हणायची ना?

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पॉलीचं बरोब्बर उलट आहे. पीळ जातो आणि सुंभ तसाच राहतो.

पॉलिएस्टर ताणून धरलं की हळूहळू कायमचं लांबतं. मशीनवरून काढल्यापासूनच टेन्शन उतरायला लागतं, पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त, मग प्रत्येक फटक्याबरोबर थोडं थोडं. नायलॉन आणि नॅचरल गटही ढिली पडते, पण तिच्यातली उसळी बराच काळ टिकते. पॉलीची उसळी संपते आणि वरून ती नव्यासारखीच दिसते. रोज तीच रॅकेट हातात असल्याने तुम्हालाही कळत नाही. बॉल बाहेर जायला लागले की माणूस स्वतःच्या फोरहँडला दोष देतो, कोचिंग लावतो. एका गृहस्थांनी ग्रिप बदलली, बूट बदलले, शेवटी पार्टनर बदलला. पॉली दीड वर्षाची होती.

ओळखायच्या खुणा सांगतो. नव्या पॉलीची मधली उभी स्ट्रिंग बोटाने बाजूला ओढून सोडा, टक्कन जागेवर येते. मेलेल्या पॉलीत ती जिथे न्याल तिथे राहते. पॉईंटनंतर स्ट्रिंग्ज वाकड्या दिसायला लागल्या, बोटांनी सरळ कराव्या लागल्या, की तिचा जीव गेला असं समजा. उभी-आडवी जिथे एकमेकींना छेदतात तिथे नखाने चाचपून बघा. खोल खाचा लागल्या तर स्ट्रिंग त्यात अडकून बसते, सरकत नाही. आवाजही बदलतो, टण्णऐवजी भद्द.

तासांत सांगायचं तर मी १२ ते १५ तासांच्या खेळानंतर बदला म्हणतो. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास खेळणाऱ्याला हे चार-पाच आठवड्यांत येतं. लोक हिशेब करून दचकतात. परवडत नसेल किंवा तेवढी कटकट नको असेल, तर ते पॉली न लावण्याचं अगदी रास्त कारण आहे. ताजं सिंथेटिक गट मेलेल्या पॉलीपेक्षा केव्हाही चांगलं खेळतं.

पण व्यावसायिक खेळाडू तर तीच वापरतात?

तीच वापरतात, पण किती वेळ? सामन्यात पहिल्या ७ गेमनंतर आणि मग दर ९ गेमनंतर नवे बॉल येतात, आणि बरेच खेळाडू त्याच वेळी नवं गटिंग केलेली रॅकेट उचलतात. म्हणजे एका रॅकेटची पॉली तासभरही खेळत नाही. स्पर्धेत त्यांच्या रॅकेट रोज नव्याने गटिंग होतात. तुमची-माझी पॉली त्या हिशेबाने पहिल्याच रविवारी म्हातारी झालेली असते.

नदालच्या आरपीएम ब्लास्टची जाडी १.३५ होती. ती जाडी आणि त्याचा हात यांची जोडी आहे. फेडररच्या रॅकेटमध्ये उभी नॅचरल गट होती आणि आडवी लक्झिलॉन एएलयू पॉवर रफ. जोकोविचचीही मांडणी तशीच, उभी गट आणि आडवी पॉली. म्हणजे या तिघांपैकी दोघांची ओळखीची मांडणी पूर्ण पॉलीची नाही, हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हायब्रिड म्हणजे हेच का? मी करू का?

हो, उभी एक आणि आडवी दुसरी. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे रॅकेट कशी खेळेल ते मुख्यतः उभ्या स्ट्रिंगवरून ठरतं.

उभी पॉली, आडवी सिंथेटिक गट: स्ट्रिंग तोडणाऱ्या तरुण मुलांसाठी, खर्च कमी. यात आडवी नायलॉन पॉलीच्या घासण्याने कापली जाते, म्हणून बऱ्याचदा तीच आधी तुटते. ते एका अर्थी बरंच, मेलेली पॉली त्या निमित्ताने निघते. उभी मल्टिफिलामेंट, आडवी गोल गुळगुळीत पॉली: कोपर जपणाऱ्यांसाठी. हाताला मऊ, आणि आडव्या पॉलीवरून उभी छान घसरते. मी स्वतः हेच वापरतो, उभी ५२ आणि आडवी पॉली ४८. यात आडवी पॉली कोनदार घेऊ नका, ती मल्टीला करवतीसारखी कापते.

कोपर दुखतं. पॉलीमुळे असेल?

टेनिस एल्बो म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी सचिन आठवतो, आणि तो तर क्रिकेटर. २००४ मध्ये दुखणं सुरू झालं आणि २००५ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. सांगायचं असं की कोपर स्ट्रिंगशिवायही दुखतं. उशिरा मारलेला बॅकहँड, एकदम वाढवलेला खेळ, हाताला छोटी किंवा मोठी ग्रिप, अशी बरीच कारणं असतात.

तरीही दुखायला लागल्यावर सगळ्यात सोपी बदलता येणारी गोष्ट स्ट्रिंगच आहे. पॉली काढा. मल्टिफिलामेंट ५० पाउंडांच्या आसपास लावा. फ्रेमही ताठ असेल, उदाहरणार्थ बाबोलाट प्युअर ड्राइव्ह, तर त्यात जुनी पॉली हे कोपरासाठी सगळ्यात वाईट लग्न. दोन-तीन आठवड्यांत दुखणं हटलं नाही तर ऑर्थोपेडिककडे किंवा फिजिओकडे जा, मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडे नको.

स्ट्रिंगमध्ये अडकवायचा छोटा रबरी डॅम्पनर लावला तर कोपर वाचेल?

नाही. आवाज बदलतो, एवढंच.

उन्हाळा, पावसाळा, लाल माती यांनी फरक पडतो का?

पडतो. उन्हात बॉल जास्त उसळतो आणि पॉलीही जरा सैल होते, म्हणून मे महिन्यात बॉल बाहेर जातात. तेव्हा टेन्शन एक-दोन पाउंड वाढवायला हरकत नाही. डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी सहा वाजता उलट होतं. बॉल दगड, स्ट्रिंग ताठ, हात गार. तेव्हा दोन पाउंड कमी. नागपूरकरांनी दोन्हीकडे थोडी जास्त सूट धरावी.

रॅकेट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. एका दुपारी पॉलीचं जितकं टेन्शन उतरतं तितकं आठवडाभर खेळून उतरत नाही. दमटपणाचा पॉलीला त्रास नाही. नॅचरल गट मात्र पावसाळ्यात कोकण, गोवा, मुंबईत फुगते आणि उसवते.

लाल मातीच्या कोर्टावर बारीक रेती स्ट्रिंगच्या मध्ये जाऊन बसते आणि सॅंडपेपरसारखी घासत राहते. अशा कोर्टावर खेळणाऱ्यांची नायलॉन लवकर तुटते ती यामुळे, आणि पॉलीचा आधार तिथे जास्त वाटतो. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी सांगून थकलो, कुणी करत नाही.

रीळ घ्यावं की सुटा सेट?

एका सेटमध्ये १२ मीटर स्ट्रिंग असते आणि रॅकेटला जवळपास तेवढीच लागते. २०० मीटरच्या रिळातून १६ रॅकेट निघतात आणि प्रत्येकी खर्च बराच खाली येतो. घरात दोन मुलं खेळत असतील किंवा तिघे-चौघे मित्र मिळून घेत असाल तर रीळ घ्या. पण आधी तीच स्ट्रिंग दोन सुटे सेट लावून खेळा. माझ्या कपाटात एक अर्धं रीळ आहे, चार वर्षांपूर्वी उत्साहात घेतलेलं. कुणाला फुकट देऊ केलं तरी घेत नाही.

ओळखीच्या ब्रँडची पॉली फारच स्वस्तात मिळत असेल तर पाकिटाची छपाई नीट बघा. नकली माल येतो.

गटिंगवाल्याला काय सांगायचं?

स्ट्रिंगचं नाव, जाडी, टेन्शन पाउंडांत की किलोत, आणि दोन गाठी की चार (उभी-आडवी एकाच सलग तुकड्याने लावायची की दोन तुकड्यांनी). फ्रेमवर काय चालतं ते चांगल्या गटिंगवाल्याला माहीत असतं. मशीन कुठलं आहे तेही विचारा. हाताने फिरवायच्या क्रँक मशीनवर टेन्शन आलं की ते लॉक होतं. इलेक्ट्रॉनिक मशीन ताण धरून ठेवतं, म्हणून त्याच आकड्यावर स्ट्रिंग थोडी कडक लागते. दुकान बदललं आणि "आकडा तोच, पण वेगळं वाटतंय" असं झालं तर त्याचं उत्तर बहुधा इथे असतं. शक्यतो एकाच माणसाकडून एकाच मशीनवर करून घ्या. आणि तारीख लिहून चिकटवायला सांगा. तारीख नसेल तर वरचा १२ तासांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

जुनी पॉली घरी कापून काढली तर चालेल?

चालेल, पण कडेपासून एकेक कापत जाऊ नका. एका बाजूचा ताण गेला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला तर फ्रेम वाकडी ओढली जाते. मधोमध सुरुवात करा. मधली एक उभी, एक आडवी, मग त्यांच्या बाजूच्या, असं तिरपं बाहेरच्या दिशेने कापत जा. पॉलीची टोकं डोळ्याकडे उडतात, चेहरा लांब ठेवा. तुकडे जमिनीवर सोडू नका, अनवाणी पायात काट्यासारखे जातात.

लांब तुकडे फेकू नका. आमच्या आईने गच्चीवर कारल्याचा मांडव माझ्या जुन्या एएलयू पॉवरने बांधला आहे. तीन पावसाळे झाले, एक गाठ सुटलेली नाही.